पोरीचं तोंड

सोलापूर,
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

अभिमन्यूराव,

नमस्कार वगैरे लिहायला वेळ नाही आणि इच्छाही नाही. हे पत्र आशिष तुमच्या हातात देईल. तुम्ही माझा फोन उचलत नाही, त्याचाही उचलत नाही, म्हणून माझ्या नवऱ्याला कामावर खाडा करून पोस्टमन व्हावं लागलंय. पत्र त्याच्यासमोर वाचा आणि त्याच्याबरोबरच मिळेल त्या गाडीनं इकडे या. कपडे बदलत बसू नका.

वैष्णवीच्या तोंडात बुरशी झाली आहे. कोरोनाच्या साली सगळे काळी बुरशी म्हणत होते ना, तीच.

गेल्या आठवड्यात तिची वरची दाढ ठणकायला लागली. मला वाटलं किडली असेल. मग गाल सुजला. परवा तोंड धुताना म्हणाली, "मावशी, गालाला इथं हात लावला तर मला कळतच नाही." मी तशीच तिला उचलून वॉर्डात नेली. डॉक्टरांनी आ करायला लावून बॅटरी मारली, तर टाळूवर काळा डाग. शाई सांडल्यासारखा. त्यातलं थोडं खरवडून तपासायला पाठवलं आणि काल संध्याकाळी उत्तर आलं.

आता हे का झालं ते तुम्ही विचारणार. कॅन्सरचं औषध रक्तातल्या वाईट पेशींबरोबर चांगल्याही मारतं, हे नोव्हेंबरात तुम्हाला माझ्यासमोर समजावून सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही मान हलवत होतात आणि मधून मधून मोबाईल बघत होतात. ही बुरशी हवेत असते. तुमच्या माझ्या नाकात रोज जाते आणि तिथंच मरते. वैष्णवीच्या अंगात तिला मारणारं सध्या कोणी उरलेलं नाही. म्हणून ती आत घुसून हाड खाते आहे. डोळ्यापर्यंत अजून पोचलेली नाही. डोळ्यामागे मेंदू असतो, ते सांगायला डॉक्टर लागत नाही.

शिरेतून औषध सुरू केलंय. पण नुसत्या औषधानं भागणार नाही. सडलेला भाग कापून काढावा लागणार, म्हणजे टाळूचा अर्धा भाग आणि त्या बाजूचा वरच्या जबड्याचा तुकडा. आणि ते लगेच. त्याला बापाची सही लागते.

मी म्हटलं, मी सही करते. मावशीची चालत नाही, म्हणाले. तिची ओकारी मी काढते, उशीवरचे तिचे केस मी गोळा केले, ते सगळं चालतं. सही तेवढी चालत नाही. वडील जिवंत आहेत ना, असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, तसं ऐकून आहे.

चेतनाचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत तुम्ही पुन्हा बोहल्यावर चढलात. माझी पाठची बहीण होती ती, तरी मी एक शब्द बोलले नाही. पोरीला आई पाहिजे, म्हणालात. पोरीला ताप यायला लागला, अंगावर निळे डाग उठायला लागले, तेव्हा त्या नव्या आईचे दिवस भरत आले होते, म्हणून पोर माझ्याकडे आली. तेही मी आनंदानं केलं. मुलगा झाला, पेढे पाठवलेत, आणि त्यानंतर तुम्ही या शहरात पाऊल टाकलेलं नाही. ते सगळं मी आज बाजूला ठेवते. विसरत नाही, बाजूला ठेवते.

या आणि सही करा. पुढचं नंतर बघू.

लीला


मंगळवार, १० डिसेंबर

अभिमन्यूराव,

आशिष रात्री परत आला, एकटा. तुम्ही रानात गेला आहात असं त्याला दारातच सांगण्यात आलं. तुमचा ट्रॅक्टर घरामागे चालू होता आणि तो चालवणारा माणूस आशिषला बघून उसात शिरला, हेही त्यानं सांगितलं. मी पुन्हा पुन्हा विचारलं, नक्की तेच होते का. माझा नवरा कोणाबद्दल वाईट बोलत नाही. ते काम आमच्या घरात मी करते.

तुमच्या आईनं जो निरोप दिला तो आशिषनं मला जसाच्या तसा सांगितला, मीच सांगायला लावला. "पोरीची जात हाय. तोंड कापल्यावर तिला कोन करून घेनार? दाढ किडलीया, उपटून टाका की. तुमच्या बायकूला पोर न्हाय म्हनून आमची पोर दाबून बसलीया, आन् आता तिचं तोंडबी कापाय निगाली!"

बजाबाईंना माझं उत्तर सांगा. होय, मला मूल नाही. गावाला हे ओरडून सांगायची गरज नाही, सगळ्यांना माहीत आहे. आणि वैष्णवीला कोण करून घेणार याची काळजी करायला ती आधी वीस-बावीस वर्षांची व्हावी लागेल. आता ती नऊची आहे. दहाची होईल का नाही हे तुमच्या घरातला एक माणूस उसात लपून ठरवतोय.

सकाळी सर्जन बघून गेले. डाग वाढलाय. काल बोटानं झाकला जात होता, आज जात नाही.

इथल्या समाजसेविका बाई म्हणाल्या, बाप नकार देत असेल तर बालकल्याण समितीकडे जाता येतं. मी अर्ज लिहायला घेतलाय. त्यात तुमचं नाव, गाव, तालुका सगळं आहे, आणि तुम्ही कुठं लपला होतात तेही आहे. पण समितीची बैठक होईपर्यंत ही बुरशी थांबणार नाही. तिला कागदपत्रं कळत नाहीत.

आशिष आंघोळसुद्धा न करता मोटारसायकलवर परत निघालाय. या वेळी तो दारात उभा राहणार नाही. तुम्ही जिथं असाल तिथं येईल. त्याच्या मागं बसा. नाही बसलात तर पुढचं पत्र मी लिहिणार नाही, तुमच्या गावच्या चावडीवर येऊन तोंडानं बोलेन.

लीला


सोलापूर,
रविवार, ५ जानेवारी २०२५

अभिमन्यूराव,

हे पत्र पोस्टानं पाठवतेय, रजिस्टर करून, म्हणजे मिळालं नाही असं म्हणता येणार नाही.

मी ज्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते, तिथं तुमच्या गावचा एक जण माल भरायला येतो. त्यानं मला काल विचारलं, "बाई, तुमीच का त्या पोरीचं तोंड कापून घेतलं?" तुमच्या केम गावात म्हणे सगळे असंच बोलतात. मावशीनं बापाला न विचारता पोर विद्रूप केली. बाप बिचारा धावत गेला, पण तोवर सगळं झालं होतं.

म्हणून झालं ते लिहून ठेवते. तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते. गावात कोणी विचारलं तर हे वाचून दाखवा.

त्या मंगळवारी दिवेलागणीला तुम्ही आशिषच्या मागं बसून आलात. तोंडावर, केसांवर धूळ होती. सर्जननी तुम्हाला पडद्यावर फोटो दाखवला, कुठून कुठपर्यंत कापणार ते बोटानं दाखवलं. तुम्ही खुर्चीवर बसलासुद्धा नाहीत. म्हणालात, "डॉक्टर, मी ह्ये बगितलंय. आमच्या चुलत्याला, कोंडीबा आण्णाला, ह्योच रोग झालता, कोरोनात. तुमी लोकांनी डोळा काडला, जबडा काडला, आन् मानूस घरी आलाच न्हाय. माझ्या पोरीचं न्हाय करायचं तसलं."

सर्जन शांत माणूस. ते म्हणाले, "तुमचे आण्णा आमच्याकडे उशिरा आले असतील. मुलगी अजून वेळेत आहे. उद्या तीही उशिरा आलेली असेल."

तुम्ही बाहेर जाऊन बाकावर बसलात. मी मागोमाग आले. तिथं मी काय काय बोलले ते सगळं मला आठवतं आणि त्यातला एकही शब्द मी परत घेत नाही. भ्याड म्हटलं, पळपुटा म्हटलं. चेतनाचं नाव घेतलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि मग म्हणालात, "आक्का, आण्णाचा कागदबी मीच सही केलता. त्येची पोरं न्हाय म्हनत हुती. मीच म्हनलं, कापा, पर मानूस वाचवा. तवापास्नं चुलतभाव माझ्या दारात पाय ठेवत न्हाईत. तू मारलास म्हनत्यात."

हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मला वाईट वाटलं असतं. पण आत माझ्या बहिणीच्या पोरीचं हाड सडत होतं. मी म्हटलं, "मग या वेळी सही न करून मारा. तेवढाच बदल."

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मला वाटलं, आता हात उचलणार. उचलला असतात तरी चाललं असतं, पेन त्याच हातात दिलं असतं.

तेवढ्यात नर्स आली. वैष्णवी पप्पा आलेत का विचारतेय, म्हणाली. तुम्ही मास्क लावून आत गेलात. एका बाजूनं सुजलेला चेहरा, डोक्यावर केस नाही, हाताला नळी. तुम्हाला ती ओळखता यायला वेळ लागला, ते मी बघितलं. तीच आधी बोलली. "पप्पा, कापलं की दुखायचं थांबतं म्हणे. मग कापू द्या की."

तेवढंच. रडली नाही, हट्ट केला नाही. तुम्ही बाहेर आलात आणि भिंतीला कागद टेकवून सही केलीत. खाली तारीख तुमच्याच हातची आहे. त्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे, आणि चावडीवर लावायची असेल तर तीही पाठवते.

सकाळी तिला आत नेली तेव्हा तुम्ही होतात. दुपार कलली तरी दार उघडलं नाही तेव्हाही होतात. मग म्हणालात, "पानी पिऊन येतो." तिला बाहेर आणली तेव्हा तोंडात बोळे होते, डोळे उघडे होते आणि ती मान वळवून वळवून कोणाला तरी शोधत होती. मी तिला सांगितलं, पप्पा पाणी प्यायला गेलेत. केमच्या गाडीत बसून पाणी पीत असाल तुम्ही त्या वेळी.

असो. बुरशी निघाली आहे. कडेनं घेतलेले तुकडे तपासले, ते स्वच्छ आले. शिरेतलं औषध अजून चालू आहे. ते चढताना तिचं अंग थाडथाड उडतं, दात वाजतात, मी आणि नर्स दोघी तिला धरून बसतो. कॅन्सरचं औषध मध्यंतरी थांबवलं होतं, ते आता पुन्हा सुरू करायचंय. ही दोन औषधं एकमेकांशी भांडतात म्हणे, म्हणून डॉक्टर एकाला आत घेताना दुसऱ्याला बाहेर उभं करतात. मला ते लगेच समजलं.

चेहरा बाहेरून फारसा बिघडलेला नाही. एक गाल थोडा आत गेलाय. टाळूला भोक आहे, रुपयाएवढं. पाणी प्यायली की नाकातून येतं. त्यासाठी प्लॅस्टिकची प्लेट करून दिलीय, कवळीसारखी. ती बसवली की जेवता येतं, बोलता येतं. काढली की तिचं बोलणं नाकात जातं आणि शब्द कळत नाहीत.

ऑपरेशन चालू असताना तुम्ही आशिषला म्हणाला होतात, एमआयडीसीतल्या कापसाच्या भुशानं पोरीला हे झालं, आक्का तो अंगावर घेऊन घरी येते. मी डॉक्टरांना विचारलं. मीही तुमच्या आईनं पाठवलेल्या ओलसर ज्वारीच्या पोत्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, कुठून आली हे जगात कोणी सांगू शकणार नाही, माती, धूळ, हवा, सगळीकडे असते. म्हणजे तुमच्यावर ढकलता येत नाही. फार वाईट वाटलं.

लीला


सोमवार, १७ फेब्रुवारी

अभिमन्यूराव,

शनिवारी संध्याकाळी तुम्हाला एका नव्या नंबरवरून फोन आला होता. आठवतो का? आठवायचा नाही, कारण तुमच्या दृष्टीनं तो चुकून लागलेला फोन होता.

तो नंबर आशिषचा. त्यानं नवीन कार्ड घेतलंय. शनिवारी वैष्णवीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत. औषधं अजून दोन-अडीच वर्षं चालणार, पण आत्ता या घडीला दिसत नाहीत. डॉक्टरांनी तिलाच सांगितलं, मोठ्या माणसाला सांगावं तसं. घरी आल्यावर ती म्हणाली, पप्पांना मी सांगणार, तुम्ही कोणी मध्ये बोलायचं नाही.

प्लेट सैल झालीय. जखम भरत आली की भोकाचा आकार बदलतो, म्हणून नवी करायला टाकली होती आणि जुनी टोचत होती. तिनं ती काढून वाटीत ठेवली आणि फोन लावला. स्पीकरवर होता. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. तुमचा आवाज आला, "हॅलो." ती म्हणाली, "पप्पा, मी वैष्णवी." प्लेट नसली की तिचा 'प' 'म'सारखा ऐकू येतो, आणि बाकीचं सगळं नाकातून घुमत येतं. तुम्ही म्हणालात, "कोन बोलतंय?" ती पुन्हा म्हणाली. तुम्ही म्हणालात, "काय कळंना बाबा. कुनाला पायजे?" तिनं तिसऱ्यांदा सांगितलं. मागं कुठंतरी बाळ रडत होतं. तुम्ही म्हणालात, "राँग नंबर लागलाय," आणि ठेवून दिलात.

मी लाटणं टाकून बाहेर आले. ती फोनकडे बघत बसली होती. मी म्हटलं, रेंज नसेल गं, पुन्हा लाव. तिनं मान हलवली. वाटीतली प्लेट घेतली, टोचत होती तरी बसवली आणि मला अगदी स्पष्ट सांगितलं, "पप्पांना मी कळले नाही."

तेव्हापासून ती बोललेली नाही. पाटीवर लिहून दाखवते. पाणी. भूक नाही. लाईट बंद कर. जिच्या बडबडीनं वॉर्डातल्या नर्सा हैराण व्हायच्या, कोणाची पण नक्कल करायची, तुमच्या आईची तर करायचीच, ती पोर आमच्या घरात पाटी घेऊन फिरते.

सर्जननी तिचं हाड काढलं, ते तिला माहीत होतं, तिनंच काढायला सांगितलं होतं. तुम्ही शनिवारी काय काढून नेलंत ते तुम्हाला कळलंसुद्धा नाही.

मला वाद घालायचा नाही. तुम्ही मुद्दाम केलं नाही हे मला दिसतं. पण दोन महिन्यांत एकदा जरी तिच्यापाशी बसून तिचं बोलणं ऐकलं असतंत, तर फोनवर ओळखलं असतंत. आशिष ओळखतो. खालच्या मजल्यावरच्या सावित्रम्मा, ज्यांना मराठी धड येत नाही, त्या ओळखतात. दुधवाला ओळखतो.

आता येऊ नका. आलात तर दार उघडणार नाही.

लीला


सोलापूर,
रविवार, २० एप्रिल २०२५

अभिमन्यूराव,

बुधवारी वॉर्डाच्या बाहेर तुम्ही मला विचारलंत, "आक्का, पोरीला घरी कदी न्यू?" मी उत्तर दिलं नाही आणि तुमच्याकडे पाठ करून औषधं आणायला गेले. उत्तर आज देते. त्याआधी थोडं बोलायचंय.

फेब्रुवारीतलं पत्र मिळाल्यावर तुम्ही आलात. मी लिहिल्याप्रमाणे दार उघडलं नाही. साखळी लावून फटीतून बोलले, घरात जंतू नकोत म्हणाले. तुम्ही मास्क दाखवलात, हात धुवून येतो म्हणालात. मी दार लावलं. तुम्ही बराच वेळ समोरच्या टपरीपाशी उभे होतात. वैष्णवीनं मला पाटीवर लिहून विचारलं, कोण होतं. मी म्हटलं, गॅसवाला.

ती खिडकीपाशी गेली आणि तिथून तुम्हाला जाताना बघितलं. मग वळली आणि कित्येक दिवसांनी तोंडानं बोलली. "मावशी, पप्पांना घरात घ्यायचं का नाही ते मी ठरवणार. तू नाही."

तुम्ही तिचा आवाज ओळखला नाहीत, तिनं नुसत्या पाठीवरून तुम्हाला ओळखलं. हे तुम्हाला सांगू नये असं मला फार वाटत होतं.

त्यानंतर तिनं आशिषकडून तुम्हाला मेसेज पाठवला, कॅन्सरच्या औषधाचं सलाईन कुठल्या दिवशी असतं त्याचा. मला न विचारता. आमच्या घरात माझ्याविरुद्ध कट शिजतात हे मला तेव्हा कळलं.

बुधवारी मी तिला घेऊन पोचले तर तुम्ही वॉर्डाच्या दारात आधीच उभे. आंघोळ केलेली, धुतलेला सदरा, मास्क नीट नाकावर. हॉस्पिटल माझ्या बापाचं नाही, म्हणून तुम्हाला हाकलता आलं नाही. तुम्ही तिच्या कॉटपाशी स्टूल ओढून बसलात. सलाईन लागलं. तिनं डब्यातलं उप्पीट खाल्लं. मी मुद्दाम तिथून हलले नाही.

खाऊन झाल्यावर तिनं प्लेट काढली. तुमच्याकडे तोंड केलं आणि आ केला.

मी तुमच्या चेहऱ्याकडेच बघत होते. खरं सांगते, तुम्ही नजर वळवाल याची मी वाट बघत होते. वळवली असतीत तर मला पुढच्या सगळ्या पत्रांचा मजकूर मिळाला असता. ते भोक बघणं सोपं नाही, आतलं नाक दिसतं. माझ्या सख्ख्या भावानं एकदा बघितलं आणि तो गॅलरीत जाऊन ओकला.

तुम्ही वाकून बघितलंत. नीट, आतपर्यंत. विचारलंत, "दुखतंय का गं?" तिनं मान हलवली, नाही. मग उप्पिटाचे कण चिकटलेली ती प्लेट तिनं तुमच्या हातावर ठेवली आणि बेसिनकडे बोट दाखवलं.

तुम्ही ती ओंजळीत धरून नेलीत, नव्या पिल्लाला धरावं तशी. नर्सनं मऊ ब्रश दिला. तुमचे ते औत धरायचे हात, आणि त्यात तो लहान मुलाचा ब्रश. घासून झाल्यावर परत आलात आणि मला विचारलंत, "आक्का, कसं बसवायचं ह्ये?" मी डबा पुसत राहिले. शिकवायची माझी इच्छा नव्हती. तिनं तुमचं मनगट धरून शिकवलं. आधी तुम्ही उलटी लावलीत. ती हसली. तोंडात बोट असताना हसली, म्हणून तुमचं बोट चावलं गेलं. मग बसली, टक् झालं.

मग ती म्हणाली, "पप्पा, आता म्हणा, कोन बोलतंय?"

तुमच्याच आवाजात म्हणाली, फोनवरच्या. हुबेहूब. मला वाटलं, पोरगी आता सूड घेतेय, घेऊ दे.

तुम्ही चावलेलं बोट सदऱ्याला पुसलंत. मग तुम्ही म्हणालात, "माझी वैष्णवी बोलतीया."

ती म्हणाली, "हां. ध्यानात ठेवा."

एवढंच झालं. मी ते बघितलं आणि जसं बघितलं तसं लिहिलं, कारण मी तुमच्याबद्दल खोटं लिहीत नाही, चांगलं असलं तरी. यावरून मनात काही धरू नका. तुम्ही पाणी प्यायला म्हणून गेलात तो दिवस माझ्या मनातून जाणार नाही. उसात शिरलात तोही नाही. माझं आणि तुमचं जमणार नाही आणि जमवायची मला घाई नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कायमची न्यायची नाही. औषधं संपेपर्यंत ती सोलापुरात राहील, आणि शाळाही इथलीच. हे मी ठरवलेलं नाही, डॉक्टरांनी ठरवलंय, आणि तुम्ही कोर्टात जाणार असाल तर जरूर जा, माझ्याकडे कागद भरपूर आहेत.

पण मे महिन्यात दोन सलाईनच्या मधे, रक्ताचा रिपोर्ट चांगला आला तर, थोडे दिवस न्यायला डॉक्टरांची हरकत नाही. मी हरकत घेतली होती. मत द्यायला बसलो तर आशिष आणि वैष्णवी एका बाजूला आणि मी एका बाजूला, असं झालं.

तिला भाऊ बघायचाय. तो आता पालथा पडतो म्हणे. त्याला ताप-खोकला असेल तर आधी कळवा, मी तिला पाठवणार नाही. गोठ्यात, कडब्याच्या गंजीपाशी, मळणीच्या धुळीत तिला जाऊ देऊ नका. पाणी उकळूनच. ताप आला तर रात्र असो की दिवस, करमाळ्यात कोणाला दाखवत बसायचं नाही, गाडी काढायची आणि थेट इकडे. हे सगळं तुमच्या बायकोला तुम्ही स्वतः समजावून सांगा. ती माणूस म्हणून कशी आहे मला माहीत नाही. तिच्याशी माझं भांडण नाही, हे तिला सांगितलंत तरी चालेल.

वैष्णवीची एकच अट आहे. ती मी तिच्याच शब्दांत लिहिते, ती शेजारी बसून बघतेय आणि मी काही बदलते का ते तपासणार आहे. "आजीला सांगा, मला बघून रडायचं नाही. रडली तर मी तोंड उघडून दाखवीन."

बजाबाई रडणार, हे आम्हा दोघींना माहीत आहे. तिनं आत्तापासून त्याची तयारी केलीय. मला वाटतं, ती त्याचीच वाट बघतेय.

न्यायला तुम्ही स्वतः या. चुलत्या-पुतण्याला पाठवू नका. पिशवी मी भरून ठेवीन. प्लेट प्रत्येक जेवणानंतर धुवायची, आणि ते काम तुमचं. तिनं केलं तरी बघत उभं राहायचं. एक दिवस जरी चुकलात तर पोरीला परत आणायला मी येईन, आणि त्या दिवशी पत्र लिहीत बसणार नाही.

लीला